रबरी चपला आणि जळालेली कॉइल

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. चौथीनंतर पेन धरलं ते सहीपुरतंच. चुका पोटात घालाव्यात. तोंडाने मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आमच्या टिटवाळ्याच्या बिल्डिंगला बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर चढतो, तसाच गिझरच्या आतल्या कॉइलला चढला आणि ती जळाली. आमचे हे ठाण्याला, खोपटच्या ट्रक गॅरेजात मेकॅनिक. कुठूनतरी जुनी कॉइल आणून त्यांनी स्वतःच बसवली. हिरवी वायर उरली, ती गुंडाळून मागे खोचली. म्हणाले, ही नुसती शोभेला असते.

दुसऱ्या दिवशी नळाला हात लावला तर खांद्यापर्यंत झटका बसला. सांगितलं तर म्हणाले, कामचुकारपणाची नाटकं. त्यांच्या पायात गॅरेजचे जाड रबरी बूट होते. माझं मनगट धरून त्यांनी माझा हात नळावर दाबला. जीभ दाताखाली आली. तोंडातून रक्त आलं तेव्हा सोडलं.

मग मी बाथरूममध्ये रबरी चपला ठेवल्या. मुलीला शिकवलं, आधी बटन बंद कर, चपला घाल, मग पाणी घे. मुलगी सातवीतली, घाईची. एखाद्या दिवशी विसरली तर, हे माझ्या डोक्यातून जायचं नाही.

चपला दिसल्या की हे भडकायचे. घरात चपला घालून लक्ष्मी घालवते म्हणायचे आणि त्याच चपलेने तोंडावर मारायचे. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या आदल्या सकाळी कानावर असं मारलं की कान वाजायला लागला. मग चपला खिडकीतून खाली फेकल्या आणि कामाला गेले. दुसऱ्या पहाटे तेल-उटणं लावून मुलगी अनवाणी त्या नळाखाली बसणार होती.

शेजारच्या काकू कल्याणहून फुलं आणून हार विकतात. मी त्यांच्या दारात उभी राहिले, पण शब्द फुटेना. त्यांनी माझा कान बघितला, मग मी कसंबसं सांगितलं. पैसे त्यांनी उसने दिले, इलेक्ट्रिशियनही त्यांनीच आणला.

त्याने कॉइल बाहेर ओढली. तिला उभा तडा होता.

"वहिनी, हे कोणी बसवलं? घरात माणसं राहतात ना?"

"एक सोडून बाकी माणसंच आहेत," काकू म्हणाल्या.

मी पदराआड हसले. किती दिवसांनी हसले असेन. त्याने नवी कॉइल बसवली, नवं रबर लावलं, मागे खोचलेली हिरवी अर्थिंगची वायर जोडली.

संध्याकाळी ह्यांनी मोरीत पडलेली जुनी कॉइल बघितली. परका पुरुष घरात कसा घेतलास म्हणून तीच उचलली आणि माझ्या पाठीवर, दंडावर मारत सुटले. तिच्यावरच्या पांढऱ्या थराचे तुकडे फरशीभर उडाले. मुलगी तेलाची वाटी घेऊन मध्ये आली. कॉइल तिच्यावर उगारली गेली तेव्हा मी कॉइलचं दुसरं टोक पकडलं. तळवा फाटला, पण सोडलं नाही.

"मला मारा. पण तिला किंवा त्या गिझरला हात लावलात, तर ही कॉइल घेऊन तुमच्या गॅरेजात येईन. कोणी बसवली होती ते सगळ्यांना सांगेन."

इतकं मी लग्नानंतर एका दमात कधी बोलले नव्हते. त्यांनी टोक सोडलं, मला भिंतीवर ढकललं आणि बाहेर गेले.

पहाटे मुलगी अनवाणी अंघोळीला बसली. बटन बंद करायला ती विसरलीच. मी तो वाजणारा कान दाराला लावून उभी होते. ती पाण्यात गुणगुणत होती.

मार त्यानंतरही बसला. गिझरला मात्र त्यांनी हात लावला नाही, मुलीलाही नाही. कॉइल मी धान्याच्या डब्यामागे ठेवली आहे.

दुपारी मी काकूंकडे हार ओवायला बसायचे, मजुरी कर्जात वळती व्हायची. सुरुवातीला तळव्याची जखम झेंडूच्या रसाने चुरचुरायची. गुढीपाडव्याची तोरणं झाली तेव्हा थोडेच पैसे फेडायचे उरले होते. काकू म्हणाल्या, राहू दे गं तेवढे. मी मान हलवली, पदराची गाठ सोडली आणि उरलेले सगळे पैसे त्यांच्या हातावर ठेवले.