अगदी घरच्यासारखे अनारसे

सावेडीत आमच्या भागात कुणाला काही हवं असलं, तर तो आधी मला विचारतो आणि मग पस्तावतो.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर माणसानं करायचं काय? मी लोकांच्या उपयोगी पडायचं ठरवलं. आमच्या भागाचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ‘आपलं नगर, उपयुक्त माहिती’. (शहराचं नाव बदललं तेव्हा ग्रुपचंही बदलावं अशी सूचना आली. चर्चा अशी रंगली की चार जण ग्रुप सोडून गेले आणि नाव आहे तेच राहिलं!) या ग्रुपला शिंगणापूरच्या घरांसारखंच दार नाही. कुणीही येतं आणि काहीही विचारतं. चांगला प्लंबर सुचवा. गुडघेदुखीवर काय करावं? पाथर्डीला जायला जीप बरी की एसटी? प्रश्न पडायचा अवकाश, माझं उत्तर हजर. ‘डोळे झाकून जा. अप्रतिम! आमच्या घरी नेहमी हेच.’

आमच्या घरचा नळ गेल्या दिवाळीपासून गळतोय, ही गोष्ट वेगळी. दातांचे जे डॉक्टर मी निम्म्या सावेडीला सुचवले, त्यांच्याकडे मी स्वतः कधी गेलो नाही. माझी कवळी दुसऱ्यांकडची आहे. पण सल्ला द्यायला अनुभव लागतो असं मानलं, तर नगरमधले निम्मे लोक मुके होतील! मी एका ग्रुपवर वाचायचो आणि दुसऱ्यावर सांगायचो.

अशाच एका दिवशी दातीर नावाच्या सभासदानं लिहिलं, ‘घरगुती अनारसे हवे असल्यास नाना टेम्पोवाल्याला सांगा. दुधाच्या टेम्पोतून पोच.’ अनारसे कोण करतं, कुठं करतं, काही नाही. ‘गावाकडच्या एक मावशी’ एवढंच. मी लगेच खाली ठोकलं, ‘अप्रतिम! आमच्या घरी नेहमी हेच. अगदी घरच्यासारखे!’ मग कुणी साखरेचं दुकान जरी विचारलं तरी मी हे अनारसे सुचवू लागलो. तोवर त्यातला एकही मी पाहिलेला नव्हता.

आता आमच्या विहीणबाईंबद्दल सांगायला हवं. मागच्या वर्षी आमची प्राजक्ता कोल्हारला दिली. घर शेतीचं, माणसं मोकळी. जावई सागर शांत, व्याही भाऊसाहेब त्याहून शांत. दोघांच्या वाटणीचं बोलणं विहीणबाई एकट्या बोलतात. त्या अंगणात बोलल्या की प्रवरेच्या पलीकडची गुरं मान वर करतात. लग्नात आमच्या फराळाच्या ताटातली चकली त्यांनी उचलली, उजेडात धरून पाहिली आणि भर मांडवात म्हणाल्या, “इकतची दिसतीया! आमच्यात न्हाई बाई इकतचं चालत.”

माझी बायको मंदा यावर एक शब्द बोलली नाही. आमच्या घरात याहून गंभीर गोष्ट नसते. तिनं पोरीबरोबर घरी केलेल्या लाडवांची शिदोरी दिली, तीही स्वतःचं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यातून. जोडीतला तो एक डबा कोल्हारला गेला तो गेलाच. विहीणबाईंनी परत काही धाडला नाही. म्हणजे आता मंदाच्या मनात दोन गोष्टी होत्या, चकली आणि डबा.

आणि यंदा आला धोंड्याचा महिना! या अधिक महिन्यात जावई एकदम देवाच्या शेजारी जाऊन बसतो. त्याला पुरणाचे धोंडे जेवायला घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. मंदानं जाहीर केलं, “विहीणबाईंनाही बोलवायचं. माझ्या हातचे अनारसे त्यांच्यापुढं ठेवायचे. मग बघू काय म्हणतात ते!”

अनारसा हे काही साधं प्रकरण नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सुकवून कुटायचे, गूळ घालून पीठ मुरवायचं. एवढं करून तो तुपात विरघळला तर बायका ‘अनारसा हसला’ म्हणतात, आणि ज्या घरात तो हसतो तिथं दुसरं कुणी हसत नाही. मंदाचं पीठ छान मुरत होतं. ती रोज झाकण काढून त्याचा वास घ्यायची, आणि मला ते बघून बरं वाटायचं. बाईनं मनाला लावून घेतलं होतं.

तिथंच थांबायला हवं होतं मी. पण एका दुपारी ती झोपलेली असताना मी पीठ बघितलं, तर ते मला कोरडं वाटलं. (पाटबंधारे खात्याच्या माणसाला सगळंच कोरडं वाटतं!) मी ग्रुपवर विचारलं, “अनारशाचं पीठ कोरडं आहे, काय करावं?” बघता बघता सल्ल्यांचा पाऊस पडला. दह्याचा हबका मारा. दूध शिंपडा. पिकलेलं केळं कुस्करून घाला, अप्रतिम होतात, आमच्या घरी नेहमी हेच! या शेवटच्या वाक्यानं मला भुरळ घातली. आपलीच भाषा की! मी दोन केळी घातली. मग सगळ्यांचं मन राखावं म्हणून थोडं दही आणि थोडं दूधही घातलं.

धोंड्याच्या आदल्या दिवशी मंदानं पहिला अनारसा तुपात सोडला. तो हसला. दुसरा हसला. तिसरा तर असा खदखदला की कढईत नुसता चिखल!

“पिठात काय घातलंत?” मंदानं माझ्याकडे न बघता विचारलं.

“मी? कुठं काय?”

“केळ्याचा वास येतोय.”

“ओट्यावर केळी आहेत ना, त्यांचा असेल.”

मंदा झारा हातात धरून खुर्चीत बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “उद्या ती बाई येणार. कोल्हारभर सांगेल, नगरच्या विहिणीला काही येत नाही म्हणून,” ती म्हणाली. मला खरंच फार वाईट वाटलं. तेवढ्यात मला माझाच सल्ला आठवला. नाना टेम्पोवाला!

“विकतचे? त्या बाईपुढं?” मंदा उसळलीच.

“अगं, अप्रतिम असतात. अगदी घरच्यासारखे!”

“तुम्ही कधी खाल्लेत?”

“सगळी सावेडी खाते!” हे मात्र खरं होतं. मीच खायला लावले होते.

नानाला फोन केला. “साहेब, धोंड्याच्या महिन्यात लई ताण हाय, पन नगरच्या सायबांची ऑर्डर हाय म्हनून सांगतो मावशीला. सकाळच्या टेम्पोत देतो पाठवून,” तो म्हणाला. सकाळी मंदा अंघोळीला गेलेली असताना टेम्पो आला आणि नाना स्टीलचा डबा ठेवून गेला. बघतो तर झाकणावर ‘मंदा’ कोरलेलं! मी मनात म्हटलं, वा! मंदानं आपलाच डबा आधी नानाकडं देऊन ठेवलेला दिसतो, म्हणजे पाहुण्यांना संशय नको. डब्याला बाजूनं मोठा पोचा आला होता. पण पोचा कधी आला, असं बायकोला विचारण्याची आमच्या घरात पद्धत नाही. बाहेर आल्यावर मंदानं डबा पाहिला आणि माझ्याकडे कौतुकानं बघितलं. तिला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला अक्कल आली आणि यानं आलेले अनारसे घरच्या डब्यात काढून ठेवले. मी ते कौतुक घेतलं. तसं ते क्वचितच मिळतं.

दुपारी कोल्हारची मंडळी आली. धोंडे झाले, तूप झालं, जावयाला ओवाळून झालं. ताम्हणात तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा. आणखी ताटलीभर अनारसे मंदानं विहीणबाईंपुढं ठेवले आणि सुरुवात केली, “तीन दिवस तांदूळ भिजवले हो. रोज पाणी बदललं. खसखशीवर एकेक हातानं थापला!”

विहीणबाईंनी अनारसा उचलला. उजेडात धरला. (मला चकली आठवली आणि घाम फुटला.) मग मोडून तोंडात टाकला. आणखी एक टाकला.

“मंदाताई, लई झ्याक झालेत! अगदी म्या करती तसेच!”

“अगदी तसेच,” भाऊसाहेब म्हणाले. हे त्यांचं त्या दिवसातलं पहिलं वाक्य. “जाळी बी तशीच.”

मंदाचा चेहरा असा फुलला की बस! मी कशाला गप्प बसतो? म्हणालो, “आमच्या घरी नेहमी हेच!”

विहीणबाईंचा खातानाचा हात जरा थांबला. मग त्यांनी पुढचा अनारसा उचलला. जेवणं आटोपली. वाण बांधून द्यायला मंदानं डबा आणला आणि विहीणबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी डबा फिरवून बघितला.

“ह्यो डबा कुनाचा?”

“आमचाच की. नाव बघा ना, मंदा,” मंदा ऐटीत म्हणाली.

“नाव तुमचंच हाय ओ. पन ह्यो पोचा आमच्या म्हशीचा हाय!”

“म्हशीचा?”

“व्हय! गोठ्यात ठेवला हुता तवा लाथ घातली तिनं. लाडवांचा डबा ह्यो तुमचा. धोंड्याच्या गडबडीत माझे समदे डबे सपले, म्हनून कालच्याला ह्यात अनारसे भरून नानाच्या टेम्पोत दिले. नगरच्या कुन्या सायबाची ऑर्डर हुती.”

प्राजक्तानं पदर तोंडाला लावला. सागर ताम्हणातला दिवा न्याहाळू लागला. मंदाचा चेहरा बघवेना. आणि अशा वेळी बोलले कोण? भाऊसाहेब!

“म्हंजी तू अनारसे इकतीस? मला तर म्हनायचीस, भनीला धाडती!”

आता विहीणबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मंदानं मान वर केली. “काय हो विहीणबाई, तुमच्यात विकतचं चालत नाही ना?”

“इकत घ्यायचं चालत न्हाई म्हनले म्या,” विहीणबाई क्षणात सावरल्या. “इकायचं न्हाई, असं कवा म्हनले?”

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघींनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. लग्नात ज्यांचं एका चकलीवरून जमलं नाही, त्यांचं माझ्यावरून क्षणात जमलं!

“नाना म्हनायचा, नगरला एक सायेब हाय,” विहीणबाई म्हणाल्या. “रोज मोबाईलवर लिवतो, ‘अप्रतिम, आमच्या घरी नेहमी हेच’. म्या म्हनलं, बया! एवढं खातो तरी कोन ह्यो मानूस? त्याच्या लिवन्यानं तर धंदा वाढला माझा! ते तुमीच व्हय?”

मंदानं माझ्या वतीनं मान डोलावली आणि आतून पिठाचं पातेलं आणलं. टाकून द्यायला तिचं मन झालं नव्हतं. “मी खरंच केले होते हो. पण हसले,” ती म्हणाली.

विहीणबाईंनी चिमूटभर पीठ चोळलं, हुंगलं आणि डोळे वटारले.

“केळं! दही बी! अवं, तांदूळ लई गुनाचा मुरलाय. असं पीठ आमच्या गावात बी कुनाचं जमत न्हाई. ह्याचं वाटुळं कुनी केलं?”

या वेळी मंदाला मान डोलवायचीही गरज पडली नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते. पण मंदा इतकी मनमोकळी हसली की माझा अपमान मला गोड लागला. दोघींनी तिथंच ठरवलं, पुढच्या ऑर्डरचं पीठ मंदा मुरवणार आणि तळण कोल्हारला होणार. पिठाजवळ मी फिरकायचं नाही, ही अट मात्र दोघींची.

संध्याकाळी मंडळी निघाली. हिशेब असा, की विहिणीचे अनारसे मी विकत घेतले, विहिणीलाच खाऊ घातले आणि उरलेले तिच्याच मुलाला वाण म्हणून दिले, तेही पुन्हा माझ्याच डब्यातून! जिल्ह्यात असा सासरा दुसरा नसेल. डबा पुन्हा कोल्हारला निघालेला मंदा हताशपणे बघत होती.

गाडीत बसता बसता विहीणबाईंनी काच खाली केली. “व्याही, तेवढं ग्रुपवर लिवा बरं का! पन ह्या टायमाला खरं लिवा, खाऊन!”

मी लगेच मोबाईल काढला आणि मोठ्या समाधानानं लिहिलं, ‘आज स्वतः अनुभव घेतला. अप्रतिम! अगदी घरच्यासारखे!’ बघता बघता अंगठ्यांची रांग लागली. दातीरनं तर नमस्काराचे हात पाठवले.

मग आत जाऊन ताटली पाहिली, ताम्हण पाहिलं, फडताळही पाहिलं. वाढण्याच्या, घाम पुसण्याच्या आणि शरमेनं मान खाली घालण्याच्या गडबडीत अनारसा खायचा माझा राहूनच गेला होता.