एव्हाचं आडनाव

“आडनाव कशाला हवंय तुला?” एव्हा इतक्या जोरात ओरडली, की लॉन्ड्री रूममधले तीन ड्रायर जागच्या जागी थांबले आणि चौथा, म्हणजे माझा, घाबरून उलटा फिरायला लागला.

परवा मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी नव्या मुलीला “आडनाव काय गं?” असं विचारलं, आणि वीस वर्षांपूर्वीच्या, कॅनडातल्या ओटावातल्या आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या त्या लॉन्ड्री रूमचा, साबणाचा, दमट टॉवेलांचा वास माझ्या नाकात शिरला.

एव्हा आमच्या समोरच्या दारातली हंगेरियन म्हातारी. दारावर पाटी नाही, टपालपेटीवर नाव नाही. ही नक्की गुप्तहेर, नाहीतर नवऱ्याला संपवून पळालेली, असं मी अख्ख्या बिल्डिंगला पटवलं होतं. आपल्याला आडनाव कळल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नाही. मी तर तिला तिसऱ्यांदा विचारत होतो. संशय घेण्यासारखा माणूस तिथे मीच होतो, हे आता कळतं.

धुतलेली चादर छातीशी धरून ती दाराकडे सरकली. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, “युद्धात आम्ही खोट्या आडनावाने राहत होतो. ज्यू होतो ना. खरं आडनाव बाहेर फुटलं आणि आईला घेऊन गेले. ती परत आली नाही.”

मी घाईघाईने म्हणालो, “अहो, मी आपलं सहज विचारलं. शेजारी म्हणून.”

चादरीची घडी घालत ती म्हणाली, “शेजारणीनेही सहजच विचारलं होतं.”