टाकीच्या दारातली मेणबत्ती

भर दुपारी जळणारी एक मेणबत्ती मी फुंकर मारून विझवली आणि त्यापायी एका बाईचा पाय मुरगळला. जोडून आलेल्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब एका छोट्या वायनरीत गेलो होतो. मुलं अंगणात द्राक्षरसाच्या मिशा रंगवत बसली होती आणि मी आत टाक्या बघत हिंडत होतो. घरात सगळ्यांच्या मागे दिवे मालवत फिरायची माझी जुनी खोड. एका टाकीच्या बुडाशी असलेल्या हातभर रुंद दारात ती मेणबत्ती दिसली आणि मला राहवलं नाही.

तेवढ्यात तात्या आले. तीस वर्षं त्या टाक्या सांभाळणारा हा माणूस विझलेली वात बघताच पोटावर आडवा पडला आणि आत टाकी घासणाऱ्या लेकीला त्यानं पाय धरून फरफटत बाहेर ओढलं.

"आई गं! तात्या, पाय तुटला ना माझा!"

"तुटू दे," तात्या धापा टाकत म्हणाले.

मी चाचरत गुन्हा कबूल केला. तात्या ओरडले नाहीत. रस आंबताना सुटणारा वायू तळाशी साचतो, तो दिसत नाही, पण त्यानं ज्योत विझते, एवढंच त्यांनी सांगितलं.

"माझा थोरला मुलगा गेला, त्या वेळी मेणबत्ती ठेवली नव्हती. हीच टाकी. माझं पोट या दारातून जाईना, म्हणून तो आत शिरला होता."

"मग आता लेकीला तरी कशाला आत पाठवता?"

तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही शिरता?"