मुक्तिनाथच्या वाटेवर शिट्टी

"नवस बोलण्याआधी माणसाने निदान नकाशा तरी बघावा," असं आमचे हे मला आजही चिडवतात. पण ज्या दिवसांत मी तो नवस बोलले, त्या दिवसांत नकाशाचं भान कुणाला होतं! सत्तरचं दशक सरत आलं होतं. नागपूर सोडून लखनौला येऊन आम्हाला बरीच वर्षं झाली होती. हे एका संशोधन संस्थेत वनस्पतींवर काम करत आणि आम्ही महानगर नावाच्या वसाहतीत राहत होतो. त्या हिवाळ्यात ह्यांच्या फुफ्फुसात पाणी झालं. रोज ताप चढे, श्वास घेताना छातीत कळ येई, आणि डॉक्टर माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघू लागले होते. खाटेशी बसून मी नेहमीची स्तोत्रं म्हणायची, पण मन त्यात नव्हतं. देव ऐकतो आहे असं वाटेचना. अशातच लहानपणी वडिलांकडून ऐकलेला नेपाळातला मुक्तिनाथ आठवला. हिमालयात उंचावर देऊळ आणि त्याच्या मागे बर्फासारख्या पाण्याच्या एकशे आठ धारा. मी म्हटलं, देवा, हे उठून बसू देत, मी पायी तुझ्यापर्यंत येईन आणि एकशे आठही धारांखाली न्हाईन.

हे उठून बसले. आणि बरे झाल्यावर पहिली थट्टा माझीच केली. "अगं, अलीगंजचा हनुमान काय वाईट होता? रिक्षाने जाऊन आलो असतो!" थट्टा खरी होती, कारण आता हे काही माझ्यासोबत येऊ शकत नव्हते. डॉक्टरांनी त्यांना उंचावर जायची सक्त मनाई केली होती. पोखऱ्याच्या पुढे त्या काळी आठवडाभर डोंगरातून पायी चालायचं, आणि देश परका. एकट्या बाईला कोण सोडणार? "चांगली सोबत मिळव आणि खुशाल जा," एवढं मात्र हे मनापासून म्हणाले. पण ह्यांना नुसता ठसका लागला तरी माझ्या काळजाचा ठोका चुकायचा. वाटायचं, नवस राहिलाय, म्हणून हे होतंय.

सोबतीसाठी मी आमच्या मराठी मंडळात शब्द टाकला. काय तो उत्साह! आमच्याच घरी बैठक बसली, साबुदाण्याचे वडे झाले, यात्रा समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण आणि कार्यवाह कोण, यावरच पहिली बैठक संपली. नमनालाच घडाभर तेल. दुसऱ्या बैठकीत तिकडे तुरीच्या डाळीचं वरण मिळेल का, यावर चर्चा झाली आणि ती बरीच रंगली. मग एकेक गळू लागले. बँकेतल्या कार्यवाहांची बदली झाली, अध्यक्षांचे गुडघे दुखू लागले, एकींच्या मुलीला बघायला नेमके त्याच महिन्यात पाहुणे येणार ठरले. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मी मेली सगळ्यांच्या आधी जाऊन अमीनाबादेतून कॅनव्हासचे बूट घेऊन आले होते! शेवटी चैत्राच्या तोंडावर, डोळ्यांतलं पाणी पुसत, ते बूट परत करायला निघाले.

दुकानदार मोठा अदबशीर. "हुज़ूर, आप पहनकर देख चुकी हैं, अब तो ये आपके हुए," म्हणत बूट परत घ्यायला काही तयार होईना. शेजारी एक उंच, काटकुळ्या, पिकल्या केसांच्या बाई सुती साडीखाली पुरुषी बूट चढवून दुकानभर ताडताड चालून बघत होत्या. चालता चालताच त्यांनी मला विचारलं, "कहाँ जा रही थीं, जो अब नहीं जा रहीं?" परक्या बाईने असं थेट विचारल्यावर मला रडूच आलं. तिथल्या बाकड्यावर बसून मी त्यांना नवसापासून समितीपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्या एका मुलींच्या शाळेत भूगोल आणि पी.टी. शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. सगळे त्यांना बहनजी म्हणत, मीही तेच म्हणू लागले. "सारी उम्र नक्शे पर छड़ी रखकर हिमालय पढ़ाया है, भाभीजी, देखा एक बार नहीं. मुझे ले चलिए. मगर एक बात अभी से साफ़ कह दूँ, मैं भगवान-वगवान नहीं मानती. हाथ नहीं जोड़ूँगी."

देवाकडे मी सोबत मागितली होती, आणि त्याने धाडली ती नास्तिक! घरी येताना मनात नुसता गोंधळ. पण बहनजी चहाला आल्या, हे त्यांच्याशी तासभर बोलले आणि मला आत येऊन म्हणाले, "समिती बरखास्त कर. ही बाई तुला जिवंत परत आणील."

दुसऱ्या दिवसापासून आमची तालीम सुरू झाली. लखनौत चढ कुठला? पिशव्यांत गहू भरून आम्ही गोमतीच्या बांधावर चालायचो. बहनजींच्या गळ्यात शाळेतली शिट्टी असे. मी रेंगाळले की एक लांब शिट्टी, फार घाई केली की दोन छोट्या. येणारे-जाणारे थांबून बघत आणि मी लाजेने पदर ओढून घेई. पण महिन्याभरात माझे पाय खरोखर घट्ट झाले. गोरखपूर, सुनौली, मग पोखरा, आणि तिथून एक भारवाहक घेऊन चालायला लागलो, तेव्हा त्या शिट्टीवाचून माझं पाऊल उचलेना. रोज पहाटे शिट्टीनेच मी उठत असे. आणि काय सांगू त्या बाईचं! चढावर माझी पिशवी न बोलता स्वतःच्या खांद्यावर घेत. मी मुक्कामाला जप करत बसले की माळ संपेपर्यंत दाराशी बसून राहत, कुणाला आत येऊ देत नसत. स्वतः मात्र हात जोडत नसत. धवलगिरी पहिल्यांदा दिसला तेव्हा तेवढं हातातली नकाशाची छडी खाली टेकवून कितीतरी वेळ ताठ उभ्या राहिल्या. वर्गात कुणी मोठं माणूस आलं की उभं राहतात ना, तशा.

देवळाच्या अलीकडच्या शेवटच्या गावात आम्ही मुक्काम केला. समोर उंचावर चिनारासारख्या झाडांचा पुंजका दिसत होता. तेच देऊळ, सकाळची थोडी चाल राहिली होती. आनंदाने मला जेवण गेलं नाही. सकाळी मी आपणहून जागी झाले. ऊन चांगलं वर आलं होतं, आणि शिट्टी वाजलीच नव्हती.

बहनजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. उभ्या राहिल्या तर झोक जाऊ लागला, आणि मग उलट्या. विचारलं तर म्हणाल्या, डोकं खालच्या मुक्कामापासूनच ठणकतंय. "आपकी मन्नत थी, भाभीजी. बीच में कैसे कहती?" ज्या देवाला त्या मानत नव्हत्या, त्याच्या नवसात खंड पडू नये म्हणून ही बाई दुखणं गिळून चढत होती. घरमालकीण त्यांच्याकडे एकदा बघून म्हणाली, "उँचाई लग गया. नीचे ले जाओ, अभी." पण बहनजींनी माझा हात सोडला. "आप हो आइए. मैं लेटी हूँ, कहीं भागी नहीं जाती."

आणि मी निघाले. खोटं का सांगू? बूट बांधले, गावाच्या टोकापर्यंत गेले. वर ती झाडं उन्हात स्पष्ट दिसत होती. ह्यांचा तो खाटेवरचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पाय भराभर पडू लागले, आणि माझ्याही नकळत मी कान मागे लावले. एवढी घाई केली की दोन छोट्या शिट्ट्या यायच्या. मागे सगळं शांत होतं. मी जागच्या जागी थांबले. एका जिवासाठी बोललेला नवस दुसरा जीव असा टाकून फेडायचा? तिथेच गुडघे टेकले, हात जोडले, ओक्साबोक्शी रडले आणि म्हटलं, देवा, तुला माहीत आहे मी कुठवर आले. आता तुझं तू बघ. आणि परत फिरले.

परत येते तो गल्लीच्या तोंडाशी एक अनोळखी बाई रिकामं घोडं घेऊन खाली निघालेली. मी हातवारे करून काही सांगायच्या आत ती आत शिरली, बहनजींना उचलून घोड्यावर बसवलं आणि चालू लागली. भारवाहक सामान घेऊन आमच्या मागे, आणि ती सगळी उतरण एका हाताने त्यांना धरून होती. खाली कागबेनीला पोचल्यावर त्यांना एका घरात निजवलं, माझ्या गालावरून हात फिरवला आणि आपल्या वाटेने गेली. मला तिचं नावही विचारता आलं नाही. ती कोण होती, याचा खल मी आजवर केलेला नाही. ती आली, एवढं मला पुरे आहे.

जसजसं खाली आलो तसतसा बहनजींचा रंग परतत गेला. दुसऱ्या सकाळी त्यांनी पेज मागितली, आणि ती पिऊन शिट्टी वाजवली! तो आवाज ऐकून मला जे वाटलं ते मला कुठल्याही काकड आरतीत वाटलेलं नाही. पण पुन्हा वर जायचं नाही, हे माझं ठरलं होतं. मी सारखी वर डोंगराकडे बघतेय हे पाहून त्या छडी टेकत मला गावाबाहेर घेऊन गेल्या. मुक्तिनाथच्या बाजूने एक ओढा खळाळत येऊन तिथे गंडकीला मिळतो. बहनजींनी छडी वर डोंगराकडे रोखली आणि वर्गात फिरवावी तशी हळूहळू ओढ्यापर्यंत खाली आणली. "वो एक सौ आठ धाराएँ गिरकर जाएँगी कहाँ? पानी है, भाभीजी, नीचे ही तो आएगा. यही है वो. उतरिए."

मी उतरले. पाणी अंगाला सुयांसारखं टोचत होतं, दातावर दात आपटत होते, आणि मी हसत होते की रडत होते कोण जाणे. मला त्याच्यापर्यंत जाता आलं नाही, तर तो पाणी होऊन खाली माझ्यापर्यंत आला, एवढंच मनात येत होतं. मी बाहेर यायचं नाव घेईना तेव्हा काठावरून शिट्टीवर शिट्टी सुरू झाली.

लखनौला परतल्यावर मंडळाने मोठ्या थाटात माझं अनुभवकथन ठेवलं. बहनजींनाही मी आग्रहाने नेलं होतं. सगळं ऐकून झाल्यावर आमचे तेच गुडघेवाले अध्यक्ष हळूच म्हणाले, "म्हणजे नियमाप्रमाणे धारास्नान काही झालं नाही. मग नवस फिटला असं कसं म्हणायचं?" सगळे माझ्याकडे बघू लागले. बहनजींना मराठी कळत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता येत होता. "क्या पूछ रहे हैं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि प्रार्थनेच्या मैदानावर बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पूरे एक सौ आठ. मैं किनारे पर खड़ी थी, गवाह हूँ."

आता ह्यांना ठसका लागला तर मी पाण्याचा पेला देते, काळजात काही होत नाही. सोबत कशी हवी, कुठवर हवी, हे मी देवाला सांगत नाही. जो येईल त्याच्याबरोबर चालते. त्या दिवशी सभेत मी मान खाली घालून हात जोडले होते. देवाला की बहनजींना, ते मलाही सांगता येणार नाही.