ओकिनुचे डोळे

हिसाए नागातोमोने पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या चित्रकथेत समुद्र काढला. समुद्र, कौलं, जाळी, दोरखंड, पाऊस. माणसं तिचे गुरू शिगेमात्सु सेन्सेई काढायचे. तोत्तोरीच्या किनाऱ्यावरच्या त्या घरात कामाची रीत ठरलेली होती. सेन्सेई माणसाची बाह्यरेषा काढून कागद तिच्याकडे सरकवत. ती मागचं सगळं भरी, केस काळे करी आणि कागद परत देई. डोळे सगळ्यात शेवटी, सेन्सेईंच्या हातचे. "घर बांधून झाल्यावर दिवा लावतात," असं ते म्हणत.

तिचं काम चोख. पट्टी कागदाला टेकून शाई पसरू नये म्हणून तिच्या खालच्या अंगाला एक येनची तीन नाणी चिकटवलेली. एका पानाच्या पावसाला दोन तास लागत. एक रेघ चुकली तर ती पांढऱ्या रंगाने झाकत नसे, पान पुन्हा काढी. लग्न राहून गेलं. आई गेली तेव्हा चौथ्या दिवशी ती टेबलाशी बसलेली होती, कारण अंक शनिवारी छापायला जायचा होता.

तीन वर्षांपूर्वी सेन्सेईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात वाचला, थरथर राहिली. बाह्यरेषा सावकाश का होईना जमे, डोळे जमेनात. एक दिवस त्यांनी भरून झालेलं पान तिच्याकडेच परत सरकवलं. "काढ." तिने काढले. त्यांनी खाली सही केली. तेव्हापासून तसंच चाललं. दोघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

मग गावच्या ग्रंथालयाने कार्यक्रम ठरवला. सेन्सेई आणि त्यांचे जुने दोस्त उसुई, दोघांनी लोकांसमोर चित्रं काढायची आणि गप्पा मारायच्या.

"नको म्हणून कळवते," हिसाए म्हणाली.

"कळवू नकोस. ओकिनुचे डोळे मी काढणार. लोकांसमोर, एकदा."

ओकिनु म्हणजे त्यांच्या कथेतली, बुडी मारून शिंपले काढणारी बाई. महिनाभर सेन्सेई रोज पहाटे तिचे डोळे गिरवत होते. कागदांमागून कागद टोपलीत गेले. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी एक जोडी नीट उतरली. डावा डोळा जरा जाड, पण जिवंत.

"हातात दिवसाला एवढंच आहे. जपून ठेवतो," ते म्हणाले आणि दुपारी जेवतानाही त्यांनी उजवा हात वापरला नाही.

सभागृह भरलं होतं. कागदावरचं सगळं मागच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं. उसुई आपला गुप्तहेर काढत होते, तोंड चालूच.

"शिगे, तुझी ओकिनु चाळीस वर्षं बुड्या मारतेय. तिला सर्दी कशी होत नाही रे?"

"तुझा गुप्तहेर चाळीस वर्षं चोर शोधतोय. सापडला?"

"सापडला तर मी खाऊ काय?"

लोक हसले. सेन्सेईंनी बाह्यरेषा पुरी केली आणि कागद हिसाएकडे सरकवला.

"बघा मंडळी, खरं काम आता सुरू होतं," उसुई म्हणाले. "आम्ही नुसती नाकं काढतो!"

हिसाएला हसणं ऐकू आलं नाही. काम सुरू झालं की तिला काही ऐकू येत नसे. डावीकडून लाटा. खडक. खडकाखालचा अंधार. टाक दौतीत बुडवायचा, कडेला निथळवायचा, रेघ. मग केस. केस झाले. टाक पुन्हा बुडवला, निथळवला. डावा डोळा. उजवा डोळा. बाहुलीत ठेवायचा तेवढा पांढरा ठिपका ठेवला आणि सहीसाठी कागद सरकवायला तिने मान वर केली.

सेन्सेईंचा हात पुढे आलेला होता. हातात टाक. टोकाशी शाईचा थेंब धरला होता.

टाळ्या पडल्या. "वा!" उसुई ओरडले. "शिगे, तुला कामावरून काढलं रे!"

"सेन्सेई, दुसरा कागद घेते," हिसाए म्हणाली.

"राहू दे." त्यांनी टाक खाली ठेवला. थरथर कोपरापर्यंत चढली होती.

"अरे, सही तरी कर!" उसुई म्हणाले.

सेन्सेईंनी माईक जवळ ओढला. "याच्यावर माझी सही नको. तीन वर्षं झाली, ओकिनुचे डोळे हिसाए काढते. मी नुसत्या सह्या करत होतो." कागद त्यांनी तिच्यापुढे ढकलला. "लिही."

तिने कोपऱ्यात नाव लिहिलं. चित्रातल्या दुकानांच्या पाट्या लिहायची तसं, बारीक. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. उसुई हसत नव्हते. मित्राचा हात त्यांनी टेबलाखाली आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

परतताना गाडीत ती म्हणाली, "सेन्सेई, माझा हात आपोआप..."

"माहीत आहे. तो हात मीच तसा घडवलाय." घराजवळच्या वळणावर ते म्हणाले, "चांगले उतरले. माझ्या सकाळच्यापेक्षा चांगले."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

सेन्सेई पुन्हा टेबलाशी बसले नाहीत. त्या शरदात कथा बंद झाली. संपादकाचा हिसाएला फोन आला, "नागातोमो-सान, आता तुमच्या नावाने काढा." ती एकोणीस दिवस बसली. समुद्र आला, होडी आली, होडीत माणूसही आला. पण डोळे काढले की ते सेन्सेईंचे होत. स्वतःची रेघ कुठे असते हे तिने पस्तीस वर्षांत शोधलं नव्हतं. शोधणं हे तिचं काम नव्हतं. विसाव्या दिवशी तिने नाही म्हणून कळवलं.

आता ती बंदरावर खेकडे निवडते. पहाटे पाचला हजर. आठ दिवसांत हात बसला. शनिवारी ती एक उकडलेला खेकडा घेऊन सेन्सेईंकडे जाते. पाय फोडून मांस काढून देते. ते डाव्या हाताने खातात. मासळीचा भाव, वारा, उसुईंची गुडघेदुखी, एवढं बोलणं होतं. मग ती ताटली धुऊन निघते.