धारची थंडी, देवासची थंडी आणि आत्याची पाठ

बड्या दिनाची, म्हणजे नाताळची सुट्टी लागली की देवासहून काका यायचे, आणि काका आले की आमच्या धारच्या घरात थंडीवरून भांडण सुरू व्हायचं. विसावं शतक नुकतंच लागलं होतं. वडील दरबारात कारकून, काका देवासला मास्तर. देवास म्हणजे गाव एक आणि राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती; रस्त्याच्या या अंगाला एक महाराज, त्या अंगाला दुसरे. काका थोरल्या पातीतले. त्यामुळे धारच्या थंडीशी झुंजायच्या आधी ते धाकट्या पातीची थंडी निकालात काढत. ती थंडी नव्हेच म्हणे, नुसतं वारं.

दोघा भावांचा हिशेब असा, की ज्याच्या गावची थंडी जबर तो खरा मर्द. वडील सांगत, तिरल्याच्या शिवारात हरभऱ्यावर पाला पडला, म्हणजे दव गोठून सकाळी बघावं तर शेत पांढरं फटक. काका म्हणत, टेकडीवरून आमच्याकडे वारा उतरतो त्यात धारचा माणूस दोन घटका उभा राहून दाखवू दे. वडिलांच्या लोटीतलं पाणी नालछ्याच्या मुक्कामात गोठलेलं असायचं. मग काकांनी हाटपिपल्याला अख्खी घागर गोठलेली पाहिलेली असायची. आई आतून मला म्हणायची, जास्त थंडीला दरबार काय पगार वाढवून देतो की काय, विचार जरा. मी विचारत नसे. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायची आमच्यात पद्धत नव्हती, आणि मला ते भांडण आवडायचंही.

दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं. देशावरची थंडी ती खरी चांगली. अंगाला झोंबत नाही, नुसती सुखावते, आणि कोवळ्या उन्हात बसलं की संपली. हे सांगताना दोघांचेही डोळे निवत. गंमत अशी की देशावरचा हिवाळा दोघांपैकी एकानंही काढलेला नव्हता. आमचं घराणं पवार राजांच्या पाठोपाठ माळव्यात आलं त्याला पिढ्या लोटल्या होत्या. पण थंडी देशावरची, आमटी देशावरची, सोवळं देशावरचं. माळव्यात राहून आम्ही माळव्याचं घेतलं ते भाषेतले चार शब्द आणि रुईच्या, म्हणजे कापसाच्या, रजया.

आता आत्याचं सांगते. ती वडिलांची थोरली बहीण, दोघे भाऊ तिला अक्का म्हणत. संसार म्हणजे काय हे कळायच्या आत तिचं कपाळ पांढरं झालं आणि ती माहेरी परत आली. आजी लवकर गेली, तेव्हा या दोन्ही भावांना तिनंच वाढवलं. पुढे मलाही तिनंच न्हाऊमाखू घातलं, कारण आईमागे सारखी बाळंतपणं. आत्याची जीभ अशी की समोरच्यानं मान खाली घालावी, आणि हात असा की तिच्या हातचं साधं पिठलं खाऊन माणसानं बोटं चाटावी.

ती सोवळी होती. डोकं केलेलं, अंगावर एकच लाल आलवण, आणि आत काही नाही. शिवलेलं कापड विधवेनं अंगाला लावायचं नाही, असा नियम. म्हणजे चोळी नाही, बंडी नाही, काही नाही. पहाटे विहिरीवर आंघोळ, सोवळ्याचं आलवण नेसायचं आणि चुलीपुढे बसायचं. सोवळ्यात लोकरीची धाबळी चालते, पण वाकून भाकरी थापायला लागलं की धाबळी खांद्यावरून घसरते, निखाऱ्यावर जायची भीती. म्हणून ती काढून ठेवायची. पुढून चुलीची धग, आणि मागून परसदारच्या उघड्या दारातून माळव्याचं वारं तिच्या पाठीवर. मी रोज बघत होते. रोज बघितलेलं माणसाला दिसत नाही हेच खरं.

एका हिवाळ्यात आत्या आजारी पडली. छातीत कफ दाटला, ताप डोक्यात गेला, कुणाला ओळखेना. वैद्यांनी कशीबशी तारली आणि जाताना वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं की पुढचा हिवाळा सांभाळा, ही छाती दुसऱ्यांदा हे सोसणार नाही. मी दाराआड होते. माझं लग्न झालेलं होतं, सासरी पाठवणी तेवढी व्हायची होती, म्हणजे असल्या गोष्टी समजायचं वय झालं होतं. आत्या मेली तर आपण काय करायचं, या विचारानं मी त्या दिवशी जेवले नाही.

आणि मग पुढच्या बड्या दिनाला काका आले ते नवलच घेऊन आले. देवासला थंडी नाहीच म्हणाले. टेकडी गावाच्या पाठीशी उभी, ती वारा सगळा अडवते. वडीलही कमी नाहीत. धारला कसली आली आहे थंडी, चहूकडे तळी आहेत, तळ्यांच्या उबेनं गाव गरम राहतं. मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. ज्या टेकडीवरच्या वाऱ्यानं गेल्या वर्षीपर्यंत माणूस गारठून मरत होता, तीच आता भिंत झाली होती. दोघांनाही अक्का हवी होती. दोघांचं प्रेम खरं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. ज्याचं गाव ऊबदार त्याच्याकडे अक्का हिवाळ्याला राहणार, असं दोघांनी आपसात ठरवलंही होतं. जिला राहायचं, तिला सोडून सगळ्यांना विचारून झालं होतं.

काकांनी शाळेतला उष्णतामापक उपरण्यात गुंडाळून आणला होता. वडिलांचा अशा काचेच्या नळीवर विश्वास नव्हता. त्यांचं माप वेगळं. थिजलेल्या खोबरेलाची बाटली सकाळी ओट्यावर उन्हात ठेवायची आणि ते कधी सुटतं ते बघायचं. तेल लवकर सुटलं तर धार ऊबदार. तीन सकाळी हा उद्योग चालला. काका नळी हातात धरून बसत, वडील बाटली. काका म्हणत, दादा तुम्ही बाटली हाताच्या उबेनं वितळवता. वडील म्हणत, तुझी नळी देवासची, ती देवासच्या बाजूनंच बोलणार. मी मनापासून धारच्या बाजूची. आत्या देवासला गेली तर मला कोण, म्हणून मीही वडिलांची बाटली भर उन्हात सरकवून ठेवायची.

चौथ्या दिवशी दुपारी ओट्यावर हेच चाललेलं असताना आत्या बाहेर आली. हातातलं सूप खाली ठेवलं. दोघांकडे आळीपाळीनं बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाली, "अरे, थंडी धारला नाही आणि देवासलाही नाही. थंडी माझ्या पाठीला आहे. मला एक रुईची बंडी शिवून द्या, मग म्हणाल त्या गावात राहीन."

काका नळीकडे बघत राहिले. वडील उठून परसात गेले, तुळशीला पाणी घातलेलं असूनही पुन्हा घातलं. मला एकदम लख्ख दिसलं की आम्ही सगळे किती मूर्ख होतो. दोन गावांची थंडी मोजली, आणि घरातल्या एका बाईची पाठ उघडी आहे हे कुणी मोजलं नाही. सोवळ्याचे नियम जिथं झाले तिथं कोवळ्या उन्हात थंडी संपत असेल. ते नियम जसेच्या तसे उचलून आम्ही पाला पडणाऱ्या मुलखात आणले, आणि वर हवापाण्याची चर्चा करत बसलो. शास्त्र सांगणारे पुरुष स्वतः बंडी, बाराबंदी, वरून शाल अशा थाटात बसलेले. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात ते उगाच नाही.

आईनं मात्र संध्याकाळी गुपचूप पेटी उघडली. तिची स्वतःची लाल बंडी होती, रुई भरून बारीक टाके घातलेली. ती तिनं धुऊन सोवळ्याच्या वळणीवर उंच टाकली. मला म्हणाली, हात लावू नकोस. दीराच्या आणि नवऱ्याच्या पुढे जन्मात तोंड न उघडलेली बाई ती.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे धुंधुर्मासाचं जेवण होतं. धनुर्मासात पहाटे स्वयंपाक करून सूर्य उगवता उगवता जेवायचं, हीसुद्धा देशावरची रीत. मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचं भरीत. पहाटे विहिरीवरून आत्या आली, तेव्हा आईनं काठीनं ती बंडी काढून तिच्यापुढे धरली. "वन्सं, सोवळ्यातली आहे," एवढंच म्हणाली. आत्यानं क्षणभर आईकडे बघितलं. मग ती घातली, वरून आलवण घेतलं आणि चुलीपुढे बसली. भाकरी थापताना तिचे खांदे आखडलेले नव्हते. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती.

पाटांवर वडील आणि काका बसले. पानं मांडली, आत्या वाढायला आली. आलवणाच्या काठाखालून बंडीची बाही कोपरापर्यंत दिसत होती. न दिसायला ती काही टाचणी नव्हती. खिचडी वाढली, तूप वाढलं. दोघा भावांनी पहिल्या घासाआधी प्यायचं आपोशनाचं पाणी तळहातावर घेतलं.

मी वडिलांकडे बघत होते. माझी खात्री होती. अक्काच्या आजारपणात दिवसरात्र उशाशी बसलेला माणूस तो. काकांचीच मला धास्ती, मास्तर माणूस, बोट ठेवून शास्त्र सांगणारा.

काकांनी आपोशन घेतलं आणि पहिला घास उचलला. दुसरा उचलला. वडिलांच्या तळहातावरचं पाणी बोटांतून ठिपकून जमिनीवर सांडत गेलं. हात रिकामा झाला तरी त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

"दादा, जेव ना रे," आत्या म्हणाली. वडिलांना ती फक्त लहानपणी दादा म्हणायची.

वडील पानाकडे बघतच म्हणाले, "अक्का, मला या गावात तोंड दाखवायचं आहे."

"तुला तोंड दाखवायचं आहे. मला पाठ झाकायची आहे," आत्या म्हणाली.

वडील पाटावरून उठले. भरल्या पानावरून उठले, माझे आईवडील ज्याला पाप म्हणायचे ते. काकांनी जेवण पुरं केलं, भाकरी मागून घेतली, आणि हात धुताना म्हणाले की अक्का, देवासला चल. लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, पण आमचं गाव दोन दरबारांचं. एका पातीत नावं ठेवली तर दुसऱ्या पातीत जाऊन बसू. असं म्हणून ते हसले.

त्याच दिवशी निघायचं ठरलं. इंदूरपर्यंत टांगा, पुढे देवासपर्यंत दुसरा. आत्याचं सामान म्हणजे एक वळकटी आणि देवांची छोटी पेटी. ती आईच्या गळ्यात पडली नाही, सोवळ्यातली होती. माझ्या तोंडावरून मात्र लांबूनच बोटं ओवाळली आणि कडाकडा मोडली. मी रडत होते. मला वाटत होतं, वडिलांनी आता एक शब्द बोलावा, नुसतं "राहा" म्हणावं. ती टांग्यातून उतरली असती. तिला धार सोडायचंच नव्हतं. तिचा सगळा जन्म त्या घरात गेला होता.

वडील टांग्याच्या चाकाला हात लावून उभे होते. शेवटी म्हणाले, "तिकडे थंडी फार असते गं."

"असू दे," आत्या म्हणाली. टांगेवाल्यानं घोड्याला हाक दिली.

मला वडिलांचा राग आला. इतक्या वर्षांनी, ते जाऊनही काळ लोटला, तरी येतो. काकांना ज्याला दोन घास लागले, ते यांना जमलं नाही, आणि प्रेम यांचंच जास्त होतं. हे कोडं मला उलगडत नाही. माणूस प्रेमापोटी रात्र रात्र जागेल, पण चार लोकांच्या तोंडाला भिऊन बसला की बसला.

टांगा वळणाआड गेल्यावर आम्ही आत आलो. आई विहिरीकडे गेली. सकाळचं वडिलांचं पान आईनं टाकलं नव्हतं, नुसतं वर ताट पालथं घातलं होतं. मी माजघरात गेले तर वडील त्या पाटावर बसलेले. ताट बाजूला सरकवलं होतं. खिचडीचा गोळा झाला होता, वर तूप थिजून पांढरं पडलं होतं, आणि ते खात होते. सावकाश, एकेक घास, डोळ्यांतलं पाणी न पुसता. मी विचारलं, गरम करून देऊ का. त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि पान स्वच्छ होईपर्यंत उठले नाहीत.