थंडीत फोर-व्हील लागेना

दिवाळीनंतर सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्यावरून जीप सुटली, तेव्हा मी टपावर गाठोड्यांत बसलो होतो. भात झोडून झालं होतं. नऊ-दहा घरांची माणसं द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडे निघाली होती. आई जीपजवळ येऊन एवढंच म्हणाली, "पुसल्याबिगर कोणाच्या जिनसेला हात नको लावू. पहिला डोळा आपल्यावरच जातो." हंगाम संपल्यावर बाकीचे परतले. मला गाडी चालवता येत होती, म्हणून बागायतदार आप्पांनी ठेवून घेतलं. त्याला अकरा वर्षं झाली.

तुम्ही गावाकडचे म्हणता, तुझं तिकडं बस्तान बसलं. कसं बसलं ते कधी बोललो नाही.

आप्पांची बाग नदीकाठच्या काळ्या जमिनीत. ओल असली की साधी गाडी रुतते, म्हणून त्यांनी चारही चाकांनी ओढणारी जुनी फोर-व्हील पिकअप ठेवलेली. तिच्या पुढच्या चाकांच्या मधोमध बसवलेले हब हाताने फिरवून लॉक करायचे, मग आत बसून लिव्हर ओढायची. एका हिवाळ्यात अवकाळी पडून गेला. सकाळी क्रेट भरून निघालो, हब लॉक केले, लिव्हर ओढली. मागची चाकं जागीच चिखल उडवत राहिली, पुढची ढिम्म. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढावं लागलं.

दुपारी गॅरेजवाला बाळू मिस्त्री आला. त्याने गाडी चिखलात घातली, तर चारही चाकं ओढत होती!

"मग सकाळी काय झालं होतं?" आप्पांनी मला विचारलं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी बंद, दुपारी चालू. आप्पा गाडीभोवती फिरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेल्या महिन्यात तू गाडी गावाला नेली होती. तिकडं काही बदललं तर नाय ना?"

बहिणीच्या साखरपुड्याचं सामान न्यायला नेली होती, त्यांना विचारूनच. माझं डोकं फिरलं. "बाळूदादाने बेअरिंग बदलताना चाकं खोलली होती," मी म्हणालो. "चांगला हब काढून जुना बसवला असेल." डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. पण माझ्यावरची नजर दुसरीकडे वळली, तेवढं मला पुरलं. आप्पांनी बाळूकडे गाडी न्यायचं बंद केलं. मी मात्र त्याच्या गॅरेजवरून जाताना तिथल्या पिकअपचे हब निरखायला लागलो. तरी आप्पा माझ्या सीटखाली डोकावताना दिसले. टूलबॉक्सला कुलूप लागलं.

पुढच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. सकाळीच जॅक लावून पुढचं एक चाक उचललं, हब लॉक केला, चाक हाताने फिरवलं. चाकाला ओढ देणारा आतला दांडा, शाफ्ट, चाकासोबत फिरला. दुसऱ्या बाजूला चाक फिरलं, शाफ्ट जागचा हलला नाही. म्हणजे तिथला हब लॉक होतच नव्हता, आणि एक बाजू अशी सुटी राहिली की पुढच्या चाकांना ओढच मिळत नाही. तो खोलला. आत मेणासारखं घट्ट ग्रीस ठासून भरलेलं. सरकून लॉक होणारी कडी त्यात अडकलेली. ऊन चढलं की ग्रीस सैल व्हायचं आणि कडी सरकायची.

ते ग्रीस माझंच होतं. गावाहून येताना ओढ्याचं पाणी त्या बाजूने आत गेलं असेल म्हणून मीच, कुणाला न सांगता, बेअरिंगचं जाड ग्रीस कोंबलं होतं.

रॉकेलने सगळं धुतलं, ग्रीसचा पातळ हात फिरवला. गाडी चिखलातून सहज निघाली. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. दोन दिवस बसलोही. मग आप्पांना सांगितलं. "मिस्त्रीला सांग जाऊन," ते म्हणाले.

बाळूने ऐकून घेतलं, हात पुसले. "मी पण आप्पांना तुझंच नाव सांगितलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, डोंगरातला पोरगा, गावाकडं हब इकून आला आसंल."

आम्ही दोघं हसलो नाही. त्याने स्टूल पुढे सरकवलं, मी बसलो.

आजही आप्पांची एखादी वस्तू दिसेनाशी झाली की त्यांची नजर आधी माझ्याकडे येते. आता मी नजर चुकवत नाही, दुसऱ्या कुणाचं नावही घेत नाही. उठून शोधायला लागतो. पाड्यावर आलो की तुम्ही विचारता, घरी कधी येणार. घर पाड्यावर आहेच. पण माझी चूक मी जिथं तोंडाने कबूल केली आणि तरी जिथं मला बसायला सांगितलं, ते गावही आता माझंच आहे.